आजचं चिंतन : गीता १८.१४ – चूक नेमकी कोणाची?



जालन्याहून संभाजीनगरला जाताना चिकलठाण्याचं विमानतळ लागतं. २६ एप्रिल १९९३ ला इथून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीपलीकडे बीड रोडवर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ५५ जीव गेले. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या: वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहनं रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडलं.

आजच्या श्लोकात भगवंत कर्माची पाच कारणं सांगतात: अधिष्ठान, कर्ता, साधनं, वेगवेगळ्या क्रिया आणि दैव. विमानाचा बोल्ट कसणारा मेकॅनिक असो की कोड लिहिणारा, कर्ता पाचांतला एकच!

मागच्या महिन्यात ज्युनिअरच्या कोडमुळे आमची सिस्टिम बंद पडली. मीटिंगमध्ये मी त्याचं नाव घेतलं. तो कोड घाईत, नीट न वाचता मंजूर मीच केला होता. ते मात्र बोललो नाही.

मग कोणीच दोषी नाही का? तसं नाही. पाचांत कर्ता आहेच. दुसऱ्याची चूक बघताना पाचही कारणं बघायची, स्वतःची बघताना आधी कर्ता. मी नेमकं उलटं केलं.

उद्या त्याची माफी मागणार आहे. मीटिंगमध्येच, सगळ्यांसमोर.

जय श्रीकृष्ण!