तयार कान

तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे, असे आपण विनोदाने म्हणतो. परंतु हल्ली उंची ध्वनियंत्रांच्या शौकिनांत कानसेनपणाचाही पंथ निघाला असून, त्यात शंका काढणे हे पाखंड ठरते. भातसेकाठच्या आमच्या खडवलीस अशी एक मंडळी जमते. तेथे एका तरुणाने सुचविले, की कर्ण्यास महागडी तार व साधी तार पडद्याआड आळीपाळीने जोडावी आणि श्रोत्यांनी ओळखावे. ‘तुझा कान अजून तयार नाही,’ एवढेच उत्तर त्यास मिळाले. पुढील बैठकीचे बोलावणे गेले नाही.

वस्तुतः ही सूचना कानाचा मान राखणारीच होती. डोळा व किंमत यांस बाहेर बसवून एकट्या कानाची साक्ष काढणारी. अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या तबकड्या मूळ फितीवरून थेट उतरविलेल्या, डिजिटल संस्कारावाचूनच्या समजून जाणते लोक वाखाणीत. २०२२ साली उघड झाले, की कित्येकींच्या घडणीत २०११ पासूनच डिजिटल टप्पा होता. तबकड्या सुरेखच वाजत, हे येथे सांगितले पाहिजे. मग संताप कशाचा? तारेस नावे ठेविल्याने तार दुखावत नाही. तिच्यापायी पैशाबरोबर आपली रसिकताही आपण गहाण ठेविलेली असते.

शरीरशास्त्र सांगते, की तरुण कानास सेकंदास सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा स्वर ऐकू येतो आणि पन्नाशीनंतर ही मर्यादा बरीच खाली उतरते. आम्ही पन्नाशी ओलांडली आहे. त्या मंडळीतील बहुतेकांनीही.