संवेदनशीलता आणि दया

संवेदनशीलता आणि दया हे शब्द मराठीत पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘संवेदना’ हा शब्द ‘विद्’, म्हणजे जाणणे, या धातूपासून आला. दुसऱ्याचे दुःख आपल्याला जाणवणे, एवढाच त्याचा अर्थ. दया त्यापुढे जाते. ते दुःख हलके करण्याचा भार ती अंगावर घेते.

हा भेद संस्कृत साहित्यशास्त्राने फार नेमका टिपला आहे. करुण रसाचा स्थायिभाव शोक. नाटक पाहताना डोळे भरून येणारा प्रेक्षक सहृदय म्हणवला जातो. त्याने रंगमंचावर धावून जावे अशी अपेक्षा नसते. दयेला मात्र विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वीररसात जागा दिली, दान, धर्म आणि युद्ध यांच्या शेजारी. वीररसाचा स्थायिभाव उत्साह. गरुडापुढे नागाऐवजी स्वतःचा देह ठेवणारा जीमूतवाहन हा दयावीर. दयेला केवळ हळवेपणा समजणाऱ्याने हे वर्गीकरण मुद्दाम ध्यानात घ्यावे.

हाच भेद प्रत्यक्ष जीवनातही दिसतो. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर त्यात उद्ध्वस्त झाले. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते, माणसे गाढ झोपेत होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची जड माळवदे अंगावर कोसळून हजारो लोक गेले. छायाचित्रे पाहून साऱ्या महाराष्ट्राचे मन हेलावले, ती संवेदना. भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची वर्षानुवर्षे सोय केली, ती दया.

तरीही दयेचे संवेदनेवाचून अडते, आणि हे भूकंपग्रस्त भागात पुढे स्पष्ट दिसले. पूर्णपणे नव्या जागी वसवलेल्या 52 गावांत भूकंपाला टिकणारी घरे मिळाली, हे मोठेच काम होते. पण बऱ्याच ठिकाणी सरळ रेषांत आखलेल्या रुंद रस्त्यांवर घरे दूरदूर पांगली. वाडा, ओटा, भावकीची गल्ली, दाराशी जनावरे ही राहणी त्या आखणीत बसली नाही. अनेक कुटुंबांनी मग घरापुढे पत्र्याची शेड आणि भोवती भिंत स्वतःच घालून घेतली.