माळव्याची शेती आणि घरचे हात

आपल्याकडे शेतीच्या दुरवस्थेची मीमांसा सुरू झाली, की जमिनीच्या तुकड्यांचा उल्लेख पहिल्या चारदोन वाक्यांतच येतो, आणि तो इतक्या निश्चयाने येतो, की त्याची पुन्हा तपासणी करावी असे कोणास वाटत नाही. मुंबई सरकारने १९४७ साली जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा आणि पडलेल्या तुकड्यांचे एकत्रीकरण करू पाहणारा कायदा केला. तेव्हापासून तर लहान जमीन म्हणजे आतबट्ट्याची जमीन, हे सूत्र सरकारी दप्तरात कायमचे दाखल झाले. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर निघाले आणि शेकडा ८६ खाती दोन हेक्टरांच्या आतली ठरली, तेव्हा त्या आकड्यांकडे आपण रोगाचे प्रमाण म्हणूनच पाहिले. ज्वारी, गहू, ऊस यांच्यापुरते या सूत्रात पुष्कळ तथ्य असेल, आणि ते नाकारण्याचा माझा हेतू नाही. परंतु शहरांतील लक्षावधी घरांची रोजची भाजी ज्या शेतीतून येते त्या माळव्याच्या शेतीस तेच माप लावताना आपली मोठी चूक होते, असे माझे मत आहे. माळव्याला लहान जमीन मानवते. मात्र ती ज्यांच्या जिवावर मानवते, त्यांचा हिशेब आजवर कोणी मांडलेला नाही.

पुरंदर तालुक्याचे उदाहरण घेतो, कारण तो मुलूख माझ्या परिचयाचा आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेला हा प्रदेश. गराड्याकडील डोंगरांत उगम पावून सासवडवरून पूर्वेस जाणारी कऱ्हा वर्षातील कित्येक महिने केवळ पात्राच्या रूपाने अस्तित्वात असते. तरीही दिवे घाटाखाली पुण्याची पेठ असल्यामुळे, आणि विहिरीचे थोडके पाणी पुरवून वापरण्याची विद्या येथील माळी समाजाच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली असल्यामुळे, या कोरड्या भूमीत माळवे टिकून राहिले. महात्मा फुल्यांचे घराणे साताऱ्याकडील कटगुणाहून निघून पुण्यास येण्यापूर्वी याच तालुक्यातील खानवडीत काही काळ स्थिरावले होते. नीरेच्या कालव्यावर ऊस लावण्यासाठी गेलेल्या सासवडच्या माळ्यांनी पुढे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. जे गावी राहिले त्यांच्यापैकी पुष्कळांच्या वाट्यास एक विहीर आणि एकदीड एकर बागाईत एवढेच उरले.

अशाच एका घराची शेती मी पुष्कळ वर्षे जवळून पाहत आलो आहे. सव्वा एकर जमीन, सामाईक नसलेली स्वतःची विहीर (आणि ही मोठीच दौलत समजावी), नवराबायको, वृद्ध आई आणि सासवडच्या महाविद्यालयात शिकणारी मुलगी. वसंतपंचमी उलटली आणि पहाटेचा गारठा ओसरू लागला, की या घरात वर्षातील सर्वांत कठीण विचारविनिमय सुरू होतो. भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारले यांचे बी थंड मातीत नीट रुजत नाही, म्हणून घाई करून चालत नाही. आणि फाल्गुन सरेपर्यंत थांबावे, तर कोवळी रोपे ऐन उन्हाच्या तडाख्यात सापडतात. चैत्र-वैशाखात पाण्याअभावी इतरांचे मळे उजाड होतात, लग्नसराई असते आणि भाजीला भाव चढतो. त्या भावासाठीच ही सारी लावणी असते. परंतु ज्या पाण्याअभावी इतरांचे मळे उजाड होतात, तेच पाणी आपल्याही विहिरीत त्या वेळी आटलेले असणार, ही गोष्ट विसरून जो माघात सगळे रान पेरतो, त्याचे अर्धे पीक वैशाखात डोळ्यांदेखत वाळते. म्हणून त्या घरातील आजी प्रथम विहिरीवर जाऊन पाण्याने कोणती पायरी सोडली आहे ते पाहते, गेल्या साली याच सुमारास ते कोठे होते ते आठवते, आणि मग सांगते, की यंदा दहा गुंठे भेंडी, दोडक्याच्या आणि काकडीच्या चारचार सऱ्या, उरलेल्या वाफ्यांत आठआठ दिवसांच्या अंतराने मेथी-कोथिंबीर, आणि बाकीचे रान मोकळे. हे रान मोकळे ठेवण्याचे शहाणपण कोणत्याही खातेउताऱ्यावर नोंदले जात नाही. परंतु कुटुंबाची उन्हाळी कमाई त्या एका निर्णयावर उभी असते.

लावणीनंतर जे काम सुरू होते, त्याचे वर्णन केवळ श्रम या शब्दाने होऊ शकत नाही. ते मुख्यतः अवधानाचे काम आहे. बाजरीचे कणीस चार दिवस अधिक उभे राहिले तर फारसे बिघडत नाही, ऊस महिनाभर तोडीची वाट पाहू शकतो. पण भेंडी फूल गळाल्यापासून चारपाच दिवसांत तोडावी लागते, आणि एक दिवस चुकला तर ती निबर होते. शिवाय निबर झालेली शेंग झाडावर तशीच राहिली, तर झाड पुढच्या फुलांचा उत्साह सोडते. काकडीचे फूल सकाळी उमलते, दोडक्याचे सायंकाळी. तेव्हा फवारणी करावयाची झाल्यास कोणत्या वेलावर कोणत्या प्रहरी करावी, म्हणजे परागीभवन करणाऱ्या मधमाशीला इजा होणार नाही, याचे भान ठेवावे लागते. वेलांवर प्रथम नरफुलेच येतात, आणि ऊन तापेल तसे त्यांचे प्रमाण वाढते, त्यामुळे फळ धरीत नाही म्हणून नवखा शेतकरी हताश होतो. जाणती बाई त्या वेळी पाण्याची पाळी थोडी अलीकडे ओढते आणि धीर धरते. भेंडीवरील केवड्याचा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. त्याला तोंड देणारी ‘परभणी क्रांती’सारखी वाणे कृषी विद्यापीठाने दिली, हे उपकार मान्य करूनही, पिवळ्या शिरांचे पहिले झाड कोणते हे ओळखून ते त्याच दिवशी उपटणारा डोळा वाणाबरोबर पुडीत मिळत नाही. दहा गुंठ्यांत ते झाड दिसते. दहा एकरांत, रोजंदारीच्या मुकादमाच्या नजरेस ते पडेपर्यंत, आजूबाजूची शंभर झाडे पिवळी झालेली असतात.

लहान शेतात दर एकरी उत्पन्न अधिक निघते, ही गोष्ट अर्थशास्त्रास अज्ञात नाही. १९५०-६० च्या दशकात सरकारने करविलेल्या शेतीव्यवस्थापनाच्या पाहण्यांवरून अमर्त्य सेन यांनी १९६२ साली मुंबईच्या ‘इकॉनॉमिक वीकली’त या प्रश्नाची चर्चा केली आणि त्याचे कारण घरच्या श्रमात दाखविले: मजूर लावणारा मालक मजुरीइतके उत्पन्न निघेनासे झाले की थांबतो, परंतु घरच्या माणसास अन्यत्र काम नसल्यामुळे त्याचे हात त्या मर्यादेच्या पुढेही राबत राहतात. त्याच्याही पूर्वी रशियातील अलेक्झांडर चायानॉव याने शेतकरी कुटुंबाचे स्वतंत्र अर्थशास्त्र मांडले होते. कुटुंब स्वतःस मजुरी देत नाही. घराची गरज आणि कष्टांचा शीण यांचा तोल जेथे साधतो तेथवर ते राबते, असे त्याचे प्रतिपादन होते. सामुदायिक शेतीच्या सक्तीच्या काळात या विद्वानास १९३७ साली प्राणांस मुकावे लागले. या दोघांच्या विवेचनाचे मोल मला मोठे वाटते; पण त्यांत हात मोजलेले आहेत, लक्ष मोजलेले नाही. माळव्यात मजुराचे हात विकत घेता येतात, त्याचे लक्ष घेता येत नाही, आणि म्हणूनच या पिकाचे रान घरच्या माणसांच्या नजरेच्या टप्प्यापलीकडे गेले की त्याची प्रत उतरते.

तथापि येथेच थांबून लहान शेतीचे गुणगान करणे हा मला अप्रामाणिकपणा वाटतो, कारण ही नजर कोणाची आहे हा प्रश्न त्यात दडून राहतो. शेतीपंपाची वीज आलटूनपालटून कधी दिवसा, कधी रात्री मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात नवरा बॅटरी घेऊन दारे धरायला जातो आणि दिवसा काही तास झोपतो. त्याची बायको मात्र कोणत्याच पाळीत मोडत नाही. पहाटे उठून चूल, गुरांचे शेण, दूध. तांबडे फुटताच भेंडीचा तोडा, तोही हातांना जुने पायमोजे चढवून, कारण भेंडीच्या लवेने बोटे दिवसभर खाजत राहतात. मग भांगलण, दुपारी घरच्यांचे जेवण, उतरत्या उन्हात मेथी उपटून जुड्या बांधणे, त्या ओल्या गोणपाटाखाली झाकणे, भेंडीतील वाकडी-किडकी निवडून क्रेट भरणे, आणि रात्री टेम्पो येईपर्यंत जागे राहणे. तोड्याचा जोर असला म्हणजे शेजारणी सावडीने येतात, आणि तिलाही मग त्यांच्या रानात सावड फेडावी लागते. यांतील एकाही तासाचा दाम तिच्या हाती पडत नाही. लहान शेताचे ते प्रसिद्ध अधिक उत्पन्न अंशतः तरी या न दिलेल्या मजुरीचे बनलेले आहे.

बाजारात तर लहानपणाचे सारे बळ उलटते. रानात ज्या नाशवंतपणाला अवधान पुरून उरते, तोच नाशवंतपणा पहाटेच्या लिलावात शेतकऱ्याचा गळा धरतो. परत नेता येत नाही, साठवता येत नाही, म्हणून पुकारलेला भाव मान्य करावा लागतो. अडत्याकडून येणाऱ्या पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई आणि भाडे असते. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या एकाधिकारातून मोकळा केला आणि अडतीचा भार शेतकऱ्यावरून काढून खरेदीदारावर टाकला. हा निर्णय न्याय्यच होता. परंतु पाच क्रेट भेंडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्याने सौदा करण्याची शक्ती दिली नाही. ती शक्ती दहावीस घरांनी माल एकत्र करून विकल्यावाचून येणार नाही. जमिनी एकत्र करण्याचा जो ध्यास आपण १९४७ पासून घेतला, तो माल एकत्र करण्याकडे वळविला असता तर माळव्यापुरते तरी अधिक हित झाले असते, अशी माझी धारणा आहे.

आणि भावाचा पाया कोणता? केंद्र सरकार किमान आधारभूत भाव जाहीर करते त्या पिकांच्या यादीत एकही पालेभाजी वा फळभाजी नाही. केरळने नोव्हेंबर २०२० मध्ये १६ भाज्या व कंदफळांसाठी उत्पादनखर्चावर शेकडा २० मिळवून आधारभाव ठरविला. भाजीपाल्याला असा भाव ठरविता येतो, एवढे तरी त्यावरून सिद्ध झाले. महाराष्ट्राने तसे करावे असे मला वाटते, पण त्याआधी उत्पादनखर्च काढण्याची रीत तपासली पाहिजे. कृषिखर्चाच्या शास्त्रात घरच्या श्रमाची अंदाजी मजुरी धरण्याची सोय आहे, आणि व्यवस्थापनाचा मोबदला म्हणून एकूण खर्चावर शेकडा १० मिळविण्याचीही एक पद्धत आहे. माळव्याचा खर्च काढताना हे दोन्ही धरले पाहिजे, आणि मजुरीचा दर ठरविताना बाईचा तास पुरुषाच्या तासाहून स्वस्त समजण्याची गावची रूढी सरकारने उचलता कामा नये.

राहिला कागदाचा प्रश्न. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला स्त्रियांचे अधिवेशन भरविले आणि त्यानंतर शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेत पुरुषांना आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले, तेव्हा अनेक गावांनी ते मनावर घेतले होते. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने कायदा करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मान्य केला. सून म्हणून राबणाऱ्या बाईस मात्र सासरच्या सातबाऱ्यावर, नवरा जिवंत असेतो, त्याच्या मर्जीवाचून स्थान नाही. आणि सातबाऱ्यावर नाव नसले की पीककर्ज, नुकसानभरपाई, ठिबकचे अनुदान यांच्या अर्जावरही ते नसते. मी वर सांगितलेल्या घरात माघातील निर्णय सासू घेते आणि तो सून तडीस नेते, पण शेतकरी म्हणून शासनाला ठाऊक असलेला माणूस तिसराच आहे. इतर कोणतीही सुधारणा होण्याची वाट न पाहता एक गोष्ट आजही करता येईल. जो माल दोघांनी पिकविला, त्याची पट्टी अडत्याने दोघांच्या नावाने फाडावी, आणि तिचे पैसे दोघांच्या जोडखात्यात जमा व्हावेत. त्यास नवा कायदा लागत नाही. अडत्याची तयारी आणि नवऱ्याची संमती एवढेच लागते, आणि ती संमती मागण्याची सुरुवात सहकारी संस्थांनी आपल्या सभासदांपासून करावी.