कोन्या पाटलाचं जी?

वऱ्हाडातल्या माणसाला ‘जी’ हे अक्षर बाळगुटीबरोबर मिळालेलं असतं. इतर ठिकाणी काउंटरपलीकडून ‘काय पाहिजे?’ असा प्रश्न आला, की आपण मागायला आलो हाच गुन्हा झाला असं वाटतं. तोच प्रश्न अकोल्याच्या दुकानात ‘काय पायजे जी?’ असा होतो आणि गिऱ्हाईक स्टूल ओढून बसतं. त्या ‘जी’मध्ये आदर आहे आणि ‘तुमचं होऊ द्या सावकाश, मी ऐकतोय’ असा दिलासाही आहे. कॉम्प्युटरचा जन्म वऱ्हाडात झाला असता, तर पडद्यावर आपल्या हुकुमाची वाट पाहत लुकलुकणाऱ्या खुणेला ‘प्रॉम्प्ट’ न म्हणता ‘जी’च म्हटलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

हे ज्ञान मला भाच्यानं दिलं. भाचा अकोल्याचा, नोकरी पुण्याची, आणि दिवाळीत आमच्याकडं अमरावतीला आला की फराळाच्या डब्याआधी लॅपटॉप उघडणारा. त्याचं काम डेटाबेसचं. डेटाबेस म्हणजे अडत्याच्या दुकानातलं वह्यांचं कपाट, फक्त वह्या दिसत नाहीत. आणि प्रॉम्प्ट म्हणजे कपाटापुढं उभे असलेले दिवाणजी. ते म्हणणार ‘सांगा’. आपण सांगायचं, त्यांनी काढून द्यायचं, लिहायचं किंवा खोडायचं.

गंमत अशी, की दिवाणजींचं काम एकच, पण दर पेढीवर नाव निराळं. ओरॅकलच्या पेढीवर ते ‘एसक्यूएल प्लस’, आणि तोंडातून शब्द एकच : ‘एसक्यूएल>’. मायएसक्यूएलमध्ये ते स्वागताच्या ओळीत स्वत:ला ‘मॉनिटर’ म्हणवतात. शाळेतला मॉनिटर आठवून मी जरा सावरून बसलो. मला वाटलं, हे ‘माय’ म्हणजे आपली वऱ्हाडी माय. पण ती माय नसून लेक निघाली. मॉन्टी विडेनियस या कर्त्यानं थोरल्या मुलीचं नाव दिलं आणि २००९ मध्ये धाकट्या मारियाच्या नावानं मारियाडीबी काढली. एसक्यूएलाइटवाले याच दिवाणजींना ‘शेल’ म्हणतात, पोस्टग्रेसवाले ‘टर्मिनल’. रेडिसचे दिवाणजी तर आधी पत्ता सांगतात, ‘१२७.०.०.१:६३७९>’, जणू आपण जनगणनेला आलोय. आणि नव्वदच्या आसपास ज्यांनी चपला दाराबाहेर काढून कॉम्प्युटर क्लास केला, त्यांना डीबेस आठवेल. तिथं नुसतं एक टिंब. त्याचं नाव ‘डॉट प्रॉम्प्ट’. एवढे अबोल दिवाणजी मी दुसरे पाहिले नाहीत.

यातल्या बहुतेकांचा एक गुण मात्र मला फार आवडला. ते बोलणं तोडत नाहीत. आपण ज्याला अर्धविराम म्हणतो, तो इथं पूर्णविराम. तो येईपर्यंत तुम्ही कितीही ओळी लिहा, ओरॅकल २, ३, ४ असे आकडे घालत ऐकतो, मायएसक्यूएल ‘->’ असा हुंकार देतो आणि एसक्यूएलाइट ‘...>’ अशी टिंबं ठेवून थांबतो. मायक्रोसॉफ्टचे दिवाणजी तर पुढच्या ओळीवर ‘गो’ म्हटल्याशिवाय हलतच नाहीत; बैलाला ‘चल’ म्हणावं तसं. गोष्ट सांगताना समोरच्यानं ‘हं, मंग?’ म्हणावं, ही आपल्याकडची जुनी रीत. आता अमरावतीतसुद्धा वाक्य अर्ध्यावर असतानाच ऐकणाऱ्याचं उत्तर तयार असतं. तेव्हा वाटलं, सद्गुण शिकायचा तर या यंत्राकडून शिकावा.

पण भाचा म्हणाला, ‘‘मामा, ऐकणं आणि चांगलं असणं यात फरक आहे. याला म्हटलं, ‘खात्यातल्या ओळी खोड’, आणि कोणत्या ते सांगायचं राहिलं, तर हा सगळ्याच खोडतो. एका शब्दानं विचारत नाही.’’

‘‘मग परत आणायचं काय?’’

इथंही पेढीपेढीची रीत निराळी. ओरॅकलमध्ये ‘कमिट’ म्हणेपर्यंत माघार घेता येते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस, वेगळं सांगून ठेवलं नसेल, तर लगेच पक्कं करून मोकळे होतात. जुना डीबेस या बाबतीत जुन्या माणसासारखा होता. ‘डिलीट’ म्हटलं तर ओळीवर नुसती खूण करायचा. ‘रीकॉल’ म्हटलं की खूण पुसायचा. ‘पॅक’ म्हणेपर्यंत कोणी खऱ्या अर्थानं मरत नसे.

मला माझ्या लहानपणी अकोल्यात पाहिलेले एक दिवाणजी आठवले. मालक तापट. एकदा कापसाच्या हंगामात ते गरजले, ‘‘त्या पाटलाचं खातं बंद करून टाका! आजपासून दमडी द्यायची नाही!’’ दिवाणजींनी कानावरची पेन्सिल काढली, वही उघडली आणि अदबीनं विचारलं, ‘‘कोन्या पाटलाचं जी? आपल्या वहीत अकरा हायेत.’’ मग ते एकेक नाव गावासकट वाचू लागले. सातव्या पाटलापर्यंत मालकांचा राग ओसरला होता, आणि अकराव्यापर्यंत चहा आला. त्या पाटलाच्या घरी पेरणीला बी गेलं ते त्या एका प्रश्नामुळं.

आता प्रश्न असा, की चांगला सेवक कोणता? सांगितलं तेवढं तत्काळ करणारा, की ‘कोन्या?’ म्हणून अडवणारा? आपल्याला पहिला आवडतो आणि वाचवतो मात्र दुसरा. पहिल्यानं वाटोळं केलं तर तो हात जोडून म्हणणार, ‘‘मी काय जी, तुमीच सांगतलं.’’ आणि ते खरंच असतं. बिनबोभाट आज्ञा पाळणारा भेटला की सगळं पाप सांगणाऱ्याच्या पदरात पडतं. नाटकातला प्रॉम्प्टर निदान विंगेतून आपल्याला शब्द तरी पुरवतो. हा प्रॉम्प्ट शब्दही आपलेच घेतो.

मायएसक्यूएलमध्ये एक सोय आहे. सुरू करतानाच एक कलम जोडलं, तर ‘कोणत्या’ हे सांगितल्याशिवाय तो काही खोडत नाही की बदलत नाही. त्या कलमाचं दुसरं नाव आहे, ‘आय ॲम अ डमी’, म्हणजे ‘मी मठ्ठ आहे’. तेवढं आधी लिहून दिलं की माणूस सुरक्षित! पण ते लिहून देतो कोण?

पोस्टग्रेसची तऱ्हा त्याहून शहाणी. साध्या माणसापुढं तिथं ‘>’ उभं राहतं आणि सर्वाधिकाऱ्यापुढं ‘#’. मी भाच्याला म्हटलं, ‘‘म्हणजे गाडीवरचा लाल दिवाच की!’’ पण तसं नाही. लाल दिवा, २०१७ च्या १ मेपासून तो उतरवला गेला तोवर, गाडीच्या टपावर बाहेर असायचा. रस्त्यावरच्यांनी बघून बाजूला व्हायचं. आत बसलेल्याला तो दिसतच नसे. हे ‘#’ मात्र इतर कुणाला दिसत नाही. ते फक्त अधिकाऱ्यालाच दिसतं, आणि तेही दर ओळीला, हुकूम लिहिण्याच्या आधी : ‘बाबा रे, आज तुझ्या शब्दानं काहीही होऊ शकतं.’ घरोघरच्या कर्त्या माणसाच्या चष्म्याच्या आतल्या बाजूला असं एखादं ‘#’ काढून द्यावं, असं मला फार वाटतं. सुनेला हाक मारण्याआधी दिसेल.

भाच्यानं आपल्यापुरता तोडगा काढलाय. ही खूण बदलता येते. दिवाणजींची गोष्ट ऐकून त्यानं तिथं ‘कोन्या पाटलाचं जी>’ असं लिहून टाकलं. परवा फोनवर म्हणाला, ‘‘मामा, पहिले आठ दिवस हात थांबायचा. आता सवय झाली, दिसतच नाही.’’

होणारच. दिवाणजी जिवंत होते, दर वेळी नवा पाटील काढून विचारायचे. मालकही शहाणे, की तापट असूनही त्यांनी दिवाणजींना कधी ‘सांगितलं तेवढं करा’ असं म्हटलं नाही. मी भाच्याला सांगितलं, खूण दर महिन्याला बदलत जा. या महिन्यात ‘अकरा हायेत जी>’ असं ठेव.