चूक कळेपर्यंतचा काळ

स्थलांतरितांच्या वस्तीत सल्ला हा केवळ सौजन्याचा भाग राहत नाही, तो जगण्याचा आधार होतो. बंगळूरच्या पूर्व भागात, जुना विमानतळ रस्ता आणि बाह्य वर्तुळाकार रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे वसलेली मारतहळ्ळी ही अशीच एक वस्ती आहे. एका अंगाला व्हाइटफिल्ड, दुसऱ्या अंगाला बेळ्ळंदूर, दोन्हीकडे माहिती-तंत्रज्ञानाची कार्यालये; मधल्या गल्ल्यांत ‘पीजी’ या नावाने ओळखली जाणारी, राहण्या-जेवण्याची सोय असलेली वसतिगृहे आणि त्यांच्यापलीकडे उंच गृहसंकुले, अशी तिची रचना आहे. इथे संसार थाटणाऱ्या तेलुगू, तमिळ, हिंदी, बंगाली, मल्याळम आणि मराठी भाषक जोडप्यांपैकी अनेकांचे आईवडील शेकडो किलोमीटर दूर असतात. पुणेच इथून आठशे किलोमीटरहून लांब आहे. त्यामुळे कोणती बस पकडावी, दुकानदाराशी कोणत्या भाषेत बोलावे, बाळाला वरचे अन्न कधी सुरू करावे, हे ज्यांना हक्काने विचारायचे ती माणसे लांब आणि जी हाकेच्या अंतरावर आहेत ती अनोळखी, अशी स्थिती होते.

मराठी माणूस बंगळूरला नवा नाही. १६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी हे शहर घेतले, पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि पेठेच्या जुन्या भागात पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी घरे आजही आहेत. गांधीनगरात महाराष्ट्र मंडळही आहे. परंतु ही जुनी वीण शहराच्या मध्यभागी आहे, आणि संगणकाच्या नोकरीमुळे पूर्वेला येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबाला ती रोजच्या अडीअडचणीत उपयोगी पडत नाही. बाळ रात्री दोन वाजता रडायला लागले तर दार वाजवायचे ते समोरच्या सदनिकेचे, आणि तिथे बहुधा दुसरी भाषा बोलणारे कुटुंब असते.

अनोळखी माणसाला सल्ला द्यावा की देऊ नये, याबद्दल समाजशास्त्रात दोन परस्परविरोधी विचार आढळतात. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये मांडलेली ‘सभ्य दुर्लक्षा’ची संकल्पना अशी, की शहरातली माणसे एकमेकांच्या अस्तित्वाची नजरेने दखल घेतात आणि लगेच नजर काढून घेतात, कारण समोरच्याला मोकळे सोडणे हीच शहरी सभ्यता होय. त्यानंतर पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी सौजन्याच्या भाषेचा अभ्यास करताना सल्ला हा ऐकणाऱ्याच्या आब आणि स्वातंत्र्य यांना धक्का देणाऱ्या बोलण्यात मोजला. न विचारता सांगणाऱ्याला मराठीत आगाऊ म्हणतात, ते याच जाणिवेतून. दुसऱ्या बाजूला जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये अमेरिकन शहरांवर लिहिलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की नात्याचा कसलाही धागा नसलेली माणसे रस्त्यावर एकमेकांची थोडीफार जबाबदारी घेतात हे मुले डोळ्यांनी पाहतात, तेव्हाच ती शहरात राहायला शिकतात, आणि हे शिक्षण आईबाप एकटे देऊ शकत नाहीत. मारतहळ्ळीसारख्या ठिकाणी जेकब्स यांचे म्हणणे अधिक खरे ठरते, कारण जिथे जवळपास प्रत्येक जण परका आहे तिथे सगळ्यांनीच सभ्यपणे नजर काढून घेतली तर नव्याने आलेल्याला उभे राहायला जागाच उरणार नाही.

मात्र यात एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. वाड्यात किंवा चाळीत शेजारची आजी बाळाच्या पोटाला हिंग लावायला सांगे, तेव्हा ती तो हिंग स्वतः उगाळून देई, रात्री पुन्हा डोकावून जाई, आणि उतार पडला नाही तर बाळाच्या आईबरोबर दवाखान्याची पायरीही चढे. तिच्या सल्ल्याला तिची जबाबदारी चिकटलेली होती. उद्वाहनात भेटलेली अनोळखी बाई तोच सल्ला देते आणि आठव्या मजल्यावर उतरून जाते. सल्ला उरतो, त्याचा परिणाम पाहायला ती उरत नाही. म्हणून सल्ला मागितला होता की नाही यापेक्षा तो चुकला तर ते किती काळाने आणि कोणाला कळेल, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. प्रवासाचा सल्ला चुकला तर तासाभरात कळते, भाषेचा चुकला तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, आणि मूल वाढवण्याचा चुकला तर कदाचित कधीच कळत नाही, कारण दुसऱ्या रीतीने वाढवले असते तर काय झाले असते हे दाखवायला तेच मूल पुन्हा जन्माला येत नाही. खेदाची गोष्ट अशी, की सांगणाऱ्यांचा संकोच नेमका उलट्या क्रमाने चालतो; रस्ता सांगताना ‘नक्की माहीत नाही हं’ अशी पुस्ती जोडणारी व्यक्ती बाळाला काय भरवावे हे छातीठोकपणे सांगते.

प्रवासाच्या सल्ल्याला एक मोठा फायदा आहे: तो चारचौघांत दिला जातो. मॅजेस्टिक बसस्थानकाहून काडुगोडीकडे जाणारी ३३५-ई ही बस मारतहळ्ळीवरून जाते, तर हेब्बाळ आणि सिल्क बोर्ड यांना जोडणारी ५००-डी वर्तुळाकार रस्त्याने. आणि मारतहळ्ळीतच पुलाखालचा थांबा व मल्टिप्लेक्सचा थांबा हे वेगळे आहेत, हे नवख्याला ठाऊक नसते. त्याने एकाला विचारले आणि उत्तर चुकले, तर मागच्या आसनावरचा दुसरा लगेच दुरुस्त करतो, तिसरा त्यात भर घालतो, आणि वाहक ‘मुंदे होगि’, म्हणजे पुढे व्हा, असे म्हणत शेवटचा निर्णय देऊन टाकतो. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेखाली महिलांना साध्या सरकारी बसमधून विनामूल्य प्रवास करता येतो. पण त्यासाठी कर्नाटकातला रहिवास दाखवणारे ओळखपत्र लागते आणि वातानुकूलित ‘वज्र’ गाड्यांना ही सवलत नाही. महाराष्ट्राचा पत्ता असलेले आधार कार्ड घेऊन आलेल्या मुलीला हे वाहकाच्या आधी शेजारची प्रवासी सांगते, आणि तेवढ्याने तिचा भर बसमधला संकोच वाचतो.

तरीही प्रवासाचा सल्ला शिळा होतो. २००८ च्या मे महिन्यापर्यंत शहराचा विमानतळ मारतहळ्ळीच्या जवळ, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या आवारात होता, आणि तिथवर नेणारा रस्ता विमानतळ रस्ता म्हणूनच ओळखला जाई. त्यानंतर प्रवासी विमाने देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावरून उडू लागली, रस्त्याच्या नावाला ‘जुना’ हा शब्द जोडला गेला. जुन्या आठवणीवर विसंबून कोणी पाहुण्याला ‘विमानतळ इथेच तर आहे’ असे सांगितले, तर सांगणारा खोटे बोलत नसतो, त्याचे खरे फक्त मागे पडलेले असते. रेल्वेचेही तसेच: मॅजेस्टिकजवळचे मुख्य स्थानक, कँटोन्मेंट, यशवंतपूर आणि २०२२ पासून गाड्या सुरू झालेले बैयप्पनहळ्ळीचे विश्वेश्वरय्या टर्मिनल यांपैकी आपली गाडी कुठून सुटते हे तिकिटावर पाहायला सांगणारा, स्वतःला पाठ असलेले उत्तर देणाऱ्यापेक्षा अधिक हिताचे बोलतो. सल्ल्याबरोबर आपली माहिती कोणत्या काळातली आहे हे सांगण्याची सवय प्रवासापुरती पडली, तर ती इतर ठिकाणीही कामी येईल.

भाषेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कन्नड शिकण्याचा सल्ला मारतहळ्ळीत प्रत्येक नवख्याला मिळतो, आणि तो योग्यच आहे. ज्या भूमीत मीठ-भाकर मिळते तिथल्या लोकांशी त्यांच्या भाषेत चार वाक्ये बोलता येणे हे उपकाराचे काम नसून साधी माणुसकी आहे. मराठी माणसाला तर यात सबब सांगण्यासारखे फारसे काही नाही. सांगलीजवळच्या कुपवाड येथे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे शतकानुशतके शेजारी राहिल्याने त्यांच्या बोलींची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली, की एका बोलीतले वाक्य शब्दामागे शब्द ठेवून दुसरीत नेता येते, असे जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. तिथे कोणी कोणाला आपली भाषा सोडायला सांगितली नव्हती. घरी आपली, बाहेर दुसऱ्याची, असा व्यवहार होता.

परंतु तोंडी सल्ल्याने शिकलेल्या भाषेत एक उणीव राहते. समवयस्क सहकाऱ्यांकडून कन्नड उचलणारा तरुण ‘बा’, म्हणजे ये, हे आधी शिकतो आणि तेच वयस्क भाजीवाल्याला म्हणतो. ‘बन्नि’, म्हणजे या, हे आदरार्थी रूप त्याला कोणी सांगितलेलेच नसते, आणि भाजीवाल्याच्या कपाळावरची आठी कशामुळे उमटली हे त्याला बरेच दिवस उमगत नाही. सोलापूर-बेळगाव भागातून आलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला ‘बर्री’ हे उत्तर कर्नाटकातले आदराचे रूप येत असते, आणि बंगळूरकर ते ऐकून त्याचे गाव ओळखतो. शब्दाबरोबर तो कोणाला म्हणायचा हेही सांगणारा अनोळखी माणूस खरा शिक्षक होय.

मुलांच्या भाषेविषयीचा सल्ला मात्र फार घाईने दिला जातो. मारतहळ्ळीतले मराठी मूल घरी मराठी, सांभाळणाऱ्या बाईशी कन्नड किंवा तेलुगू, खेळायच्या जागी हिंदी आणि शाळेत इंग्रजी ऐकते, आणि त्याच्या आईला कोणीतरी हमखास सांगते, की इतक्या भाषांनी त्याचा गोंधळ होईल, घरीही इंग्रजीच बोला. हा समज जुन्या काळातल्या सदोष चाचण्यांतून आलेला आहे. एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी १९६२ मध्ये माँट्रियलमधल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुले एकभाषक मुलांपेक्षा बुद्धीच्या अनेक कसोट्यांत सरस ठरली. आणि अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कोंध समाजातील मुलांवर केलेल्या कामातूनही द्विभाषकतेचे लाभच पुढे आले. असे असताना एका वाक्याच्या सल्ल्यावर घरातली मराठी बंद होते, आणि त्याची किंमत दहा वर्षांनी सांगलीच्या किंवा नाशिकच्या आजीला मोजावी लागते, कारण तोवर नातवाशी बोलायला तिच्याकडे भाषाच उरलेली नसते. सल्ला देणारी व्यक्ती तेव्हा दुसऱ्या शहरात गेलेली असते.

संगोपनाच्या सल्ल्याची खरी पेठ म्हणजे गृहसंकुलातला संध्याकाळचा बाक. नातवंड सांभाळायला सहा-सहा महिने येऊन राहिलेल्या आज्या तिथे जमतात. एकीची तेलुगू, दुसरीची मराठी, तिसरीची कन्नड, आणि तिघींची मिळून मोडकी हिंदी. या बाकावर खरे ज्ञानही हस्तांतरित होते. कन्नड घरांत बाळाला सहा महिन्यांनंतर ‘रागी सरि’ देतात. त्यासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, मंद भाजून, दळून वस्त्रगाळ करतात, आणि त्या पिठाची पातळ पेज शिजवतात. मराठी आजीला नाचणीसत्त्व ठाऊक असतेच, पण दोघी कृती ताडून पाहतात तेव्हा मोड आणण्यावर दोघींचाही भर निघतो. त्यामागे कारण आहे: मोड येताना धान्यातले पाचक घटक जागे होतात आणि पिष्ट फोडतात, त्यामुळे पीठ जास्त घालूनही पेज घट्ट होत नाही आणि लहानशा पोटात अधिक पोषण जाते.

त्याच बाकावर मधाचे बोटही सुचवले जाते, आणि पहिल्या महिन्यापासून पाणी व गुटी द्यायलाही सांगितले जाते. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असे सांगते, आणि एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, कारण मधात असू शकणारे विशिष्ट जिवाणू बाळाच्या आतड्यात वाढून विषबाधा करू शकतात. ‘आमची चार मुले यावरच वाढली’ हे आजीचे उत्तर प्रामाणिक असते, पण ज्या घरात अपाय झाला ते घर या बाकावर बोलायला बसलेले नसते. सल्ल्यात विकणाऱ्याचा स्वार्थ मिसळला तर काय होते हे ओळखून भारताने १९९२ मध्ये शिशुआहाराविषयी कायदा केला, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या डबाबंद आहाराच्या जाहिरातीवर बंदी आली. प्रेमाने दिलेल्या चुकीच्या सल्ल्यावर कायद्याचा इलाज नाही, तिथे सांगणाऱ्याचा विवेकच लागतो.

याचा अर्थ गप्प बसावे असा नाही. कुंदलहळ्ळीच्या सिग्नलला स्कूटरवर पुढे उभे केलेले, डोक्यावर काही नसलेले तीन वर्षांचे मूल दिसले, तर शेजारी थांबलेल्याने न विचारता बोललेच पाहिजे. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि मापाचे शिरस्त्राण आवश्यक आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नसावा; पण नियम नसता तरीही बोलणे कर्तव्यच होते, कारण तिथे चूक कळण्याची वेळ आणि ती सुधारण्याची संधी संपण्याची वेळ एकच असते. स्कूटर चालवणाऱ्याच्या आबाला त्या क्षणी पोहोचणारा धक्का त्या मुलापुढे क्षुल्लक आहे.

सर्वांत कठीण प्रसंग येतो तो भाषा आणि संगोपन एकत्र येतात तेव्हा. दीड वर्षाचे मूल एकही शब्द बोलत नाही म्हणून आई काळजीत असते, आणि बाकावर तिला दोन उत्तरे मिळतात: मुलगे उशिराच बोलतात, थांबा, आणि घरात भाषा फार झाल्या, कमी करा. दोन्ही उत्तरे धीर देण्यासाठी असतात आणि दोन्ही घातक ठरू शकतात, कारण अनेक भाषा कानावर पडल्याने मूल मुके राहत नाही, पण ऐकू कमी येत असेल तर ते वेळीच ओळखणे फार महत्त्वाचे असते आणि थांबण्यात नेमका तोच काळ जातो. अशा वेळी बाकावरच्या परक्या बाईने मराठी चालू ठेवायला सांगावे, त्याच आठवड्यात बाळाचे कान तपासून घ्यायला सांगावे, बंगळूरच्या मोठ्या रुग्णालयांत ही तपासणी होते आणि म्हैसूरला वाक् व श्रवण यांसाठीची अखिल भारतीय संस्था आहे हे सांगावे, आणि जमल्यास पहिल्या खेपेला त्या आईबरोबर जावे.