फळीवरचा निळा रंग

बसा. पाठ ताठ करायची गरज नाही. नावेत बसतो तसं बसा, अंग सैल सोडून, तळहात मांडीवर ठेवून. डोळे मिटले तरी चालतील. श्वास मुद्दाम खोल घेऊ नका. तो येतोय, जातोय, एवढं फक्त कळू द्या.

आता माझ्याबरोबर नदीकडे चला. सांगली जिल्ह्यातलं आमचं आष्टा दोन नद्यांच्या मध्ये वसलंय. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला वारणा. पुढं हरिपूरला दोघी एकमेकींना मिळतात. आष्ट्याहून वाळव्याच्या बाजूला निघालं की दोन्हीकडे ऊस उभा असतो आणि नदी दिसण्याआधी तिचा वास येतो. गाळाचा, भिजलेल्या मळीचा. तो वास आला की पावलं आपोआप हळू होतात. तशी तुमचीही होऊ द्या.

काठावर एक नाव ओढून ठेवलेली आहे. ती तुमची आहे. कशीही असू दे, मोठी, लहान, शिडाची, वल्ह्याची. माझी वल्ह्याचीच होती, पण पश्चिमेचा वारा सुटला की मी तिच्यावर जुन्या ताडपत्रीचं शीड चढवायचो. चौकोनी, दोन ठिकाणी ठिगळ लावलेलं. वारा त्यात भरला की नाव एका कुशीवर कलायची आणि वल्ही आत घेता यायची. ते दहा-पंधरा मिनिटांचं सुख मला अजून आठवतं. तुमच्या नावेनं दिलेलं असंच एखादं सुख आठवा. घाई नाही.

आता नावेला वळसा घालून पलीकडच्या बाजूला या. तिथं एक फळी फुटली आहे.

बघा तिच्याकडे. लगेच हात लावू नका. माझ्या नावेची फळी वीतभर आत दबली होती आणि भेगेच्या दोन्ही कडांना लाकडाचे पांढरे तंतू उभे राहिले होते, नुकत्याच सोललेल्या उसासारखे. त्या तंतूंवर निळा रंग लागला होता. माझी नाव डांबराची, काळी. तो निळा रंग दुसऱ्याच्या नावेचा होता. मला फळीपेक्षा त्या रंगाचाच जास्त राग आला. लाकूड फुटतं, ते मी समजू शकत होतो. पण दुसऱ्या कुणाची खूण माझ्या लाकडात घुसून बसली आहे, हे मला सोसेना.

तुमच्या मनात अशी एखादी फुटलेली वस्तू असेल. तुम्ही फोडलेली नव्हे, दुसऱ्यानं, तीही मुद्दाम नव्हे. तिच्यावर लागलेला दुसऱ्याचा रंग शोधा. राग तिथं दिसेल. त्याला हाकलू नका. छातीत आहे का, जबड्यात आहे का, एवढंच पाहा. श्वास येतोय, जातोय.

इथं थोडं थांबू.

घडलं ते असं. ज्येष्ठ संपत आला होता, वरून पाणी यायला लागलं होतं. पलीकडून वैरणीचे भारे भरून एक पोरगा त्याच्या वडिलांची नाव घेऊन येत होता. भाऱ्यांच्या उंचीमुळे त्याला पुढचं नीट दिसत नव्हतं. ओढीनं नाव फिरली आणि तिचं टोक काठाला बांधलेल्या माझ्या नावेच्या कुशीत घुसलं. रात्री तो आमच्या दारात आला. चपला बाहेर काढून उंबऱ्याच्या अलीकडेच उभा राहिला.

"अण्णा, तुमची नाव फुटली. माझ्याकडनं फुटली."

मी विचारलं, "किती फुटली?"

एवढंच. त्याचा डावा अंगठा फडक्यात गुंडाळलेला होता, ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी घाटावर दुसऱ्याच कुणी तरी सांगितलं, धडकेच्या वेळी अंगठा दोन नावांच्या मध्ये सापडला होता. नखच गेलं होतं.

मी या प्रसंगाकडे अनेकदा परत जातो. तुम्हीही तुमच्या त्या उंबऱ्यावर परत जा. समोर कोण उभं आहे? त्याच्या हाताकडे पाहा. पायांकडे पाहा. चेहरा सगळ्यात शेवटी.

या भागात नाव फुटली हे वाक्य हलकं नाही. सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा आणि पंचेचाळीसवर धोका, हे आमच्याकडे शाळेतल्या पोराला पाठ असतं. २००५ चा पूर आम्ही पाहिला, २०१९ चा पाहिला, २०२१ चा पाहिला. गुळाच्या काहिलीत बसून माणसं पाणी ओलांडतात असा हा मुलूख. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि बाया, लेकरं, म्हातारी माणसं गेली. त्या दिवशी आमच्याकडे जो भेटेल तो एकच विचारत होता, कोण कोण होतं? बोट कुणाची, बोटीचं काय झालं, हे कुणाच्या ओठांवर आलं नाही. आधी काय विचारायचं ते आम्हाला ठाऊक असतं. साध्या दिवशी, साध्या धडकेत मात्र ते जिभेवर येत नाही.

म्हणून आता, मनातल्या मनात, तो पहिला प्रश्न विचारा. उशीर झालेला असला तरी विचारा. "तुला लागलं का कुठं?" आवाज न करता, ओठ हलवून. उत्तराची वाट पाहू नका. प्रश्न सोडा आणि श्वासाकडे या.

चीनमधल्या च्वांगत्झू या प्राचीन विचारवंताच्या नावावर एक गोष्ट आहे. माणूस नदी ओलांडतोय आणि रिकामी होडी येऊन आदळली, तर तापट माणूसही रागावत नाही. त्याच होडीत कुणी बसलेलं असलं की तो ओरडतो, शिव्या देतो. राग होडीवर नसतोच, आत बसलेल्या माणसावर असतो. ध्यानाच्या वर्गांत ही गोष्ट फार सांगतात: समोरची होडी रिकामी समजा, राग निवेल. मी तसं करून पाहिलं. राग थोडा निवलाही. पण मला ते पटत नाही. निळ्या नावेत माणूस होता. सतरा वर्षांचा, वैरणीखाली दबलेला, अंगठा चेंगरलेला. त्याला मनातून पुसून टाकून मी शांत झालो असतो, तर ती शांती मी त्याच्या पाठीमागं मिळवली असती. उलट त्याला होडीत नीट बसवून पाहिलं, भाऱ्यांसकट, ओढीसकट, घाबरलेल्या तोंडासकट, तेव्हा राग विरला नाही, पण त्याचा आकार बदलला. तो फळीएवढा झाला. आधी तो सगळ्या नदीएवढा होता.

तुमच्याही धडकेतल्या होडीत तो माणूस बसवा. त्याला काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं, ते त्याच्या जागेवरून पाहा. एक श्वास. आणखी एक.

आता थोडं अवघड ठिकाण येतं.

माझी नाव मी एकाच दोरानं बांधली होती. दोर लांब सोडला होता. पाणी चढलं की नाव पुढून आणि मागून, दोन दोरांनी काठालगत आवळून बांधायची, हे मला लहानपणापासून ठाऊक. त्या संध्याकाळी कंटाळा केला. म्हणून माझी नाव प्रवाहात हातभर बाहेर झुलत होती. पोरगा चुकला. पण हातभर माझंही होतं.

समुद्रावरच्या माणसांनी या हातभराचा फार विचार करून ठेवलाय. टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले. त्यांनुसार इंजिनाच्या जहाजानं साधारणपणे शिडाच्या नावेला वाट द्यायची. पण डोळे उघडे ठेवून पहारा करण्याची सक्ती दोघांवर आहे. आणि समोरच्याच्या एकट्याच्या हालचालीनं धडक टळणार नाही असं दिसलं, तर ज्याला वाटेचा मान आहे त्यानंही हात बांधून बसायचं नाही. नुकसान कुणी किती सोसायचं, हा पुढचा प्रश्न. इंग्रजी सागरी न्यायालयांत पूर्वी दोघांचीही चूक निघाली की नुकसान सरळ अर्धं-अर्धं वाटायचे, कुणाची चूक रुपयात बारा आणे असो की चार आणे. १९१० च्या ब्रुसेल्स करारानं ते बदललं आणि ज्याची जेवढी चूक, तेवढा त्याचा भार, असं ठरलं. भारताच्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यातही तेच तत्त्व आलं. मला हे तत्त्व न्यायाचं वाटतं, आणि ध्यानाचंही. कारण सगळी चूक त्याची म्हणणं सोपं आहे, आणि एखाद्या हळव्या माणसाला सगळी माझीच म्हणणंही सोपंच असतं. हातभर आणि वीतभर मोजत बसणं अवघड.

मोजा. तुमचा दोर किती लांब होता? एकच होता का? दोष द्यायचा नाही, फक्त माप घ्यायचं. शून्य निघालं तर शून्य. तेही खरंच असू शकतं.

शिडांच्या शर्यतीतली एक रीत मला फार आवडते. ज्याच्या हातून नियम मोडला, त्यानं तिथंच, पाण्यावर, इतरांपासून बाजूला होऊन आपली नाव स्वतःभोवती पूर्ण दोनदा फिरवायची आणि मग शर्यतीत परत यायचं. पंचानं शिट्टी वाजवायची वाट पाहायची नाही. सगळे पुढं निघून जात असतात आणि हा गोल गोल फिरत असतो. धडकेत दुसऱ्याचं मोठं नुकसान झालं असेल, तर मात्र फेऱ्यांनी भागत नाही, शर्यत सोडावी लागते. चूक कबूल करायला नावेनं घेतलेले ते दोन वळसे डोळ्यांसमोर आणा. शीड फडफडतंय, पुन्हा भरतंय, पुन्हा फडफडतंय.

तो पोरगा रात्री अंधारातून चालत आमच्या दारात आला, तो त्याचा वळसा होता. हे मला कळायला महिना लागला.

अशीच एक धडक समुद्रावरची. ऑगस्ट २०२२ मध्ये बिस्केच्या उपसागरात कमांडर अभिलाष टॉमी यांच्या 'बायनात' या शिडाच्या नावेची एका मोठ्या मालवाहू जहाजाशी टक्कर झाली. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायची गोल्डन ग्लोब शर्यत सुरू व्हायला काही दिवस उरले होते. हे तेच टॉमी, जे २०१३ मध्ये एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले होते आणि २०१८ मध्ये याच शर्यतीत दक्षिणेकडच्या हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडून, पाठीचा कणा दुखावून अंथरुणाला खिळले होते. एवढं सोसून ते परत आले होते आणि सुरुवातीआधीच नावेच्या पुढच्या टोकाला इजा. त्या टकरीत कुणाचं किती चुकलं, याचा निवाडा इथं करायचा नाही. मला दिसतात ते मधले दिवस. थोडेसे दिवस आणि दुरुस्तीला लागलेले हात. ४ सप्टेंबरला नाव शर्यतीच्या रेषेवर उभी होती. २९ एप्रिल २०२३ ला, २३६ दिवसांनी, ती दुसऱ्या क्रमांकानं परत आली. त्या मधल्या दिवसांत मनात काय चाललं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण फळी जुळवणाऱ्या हाताला दुसरं काही धरता येत नाही, एवढं मीही शिकलो आहे.

आमच्याकडे एक शब्द फार लवकर तोंडात येतो: "जाऊ दे." चांगला शब्द आहे, पण वेळेआधी म्हटला की काही जात नाही. बांधाची भांडणं मी पाहिली आहेत. तोंडानं जाऊ दे म्हटलेली, आणि पुढची तीस वर्षं दोन घरांनी एकमेकांच्या लग्नात पाऊल न टाकलेली. नुकसान झालं असेल तर ते सांगायला हवं. फळी एवढी गेली, सुताराचे एवढे होतील, शीड फाटलंय ते माझं मी शिवतो. स्पष्ट, शांत, एकदाच. समोरच्याला भरपाई करायची संधी देणं हाही त्याचा मानच असतो. मी त्याला चौथ्या दिवशी बोलावलं आणि हे सांगितलं. त्यानं मान हलवली. पैसे म्हणाला थोडे थोडे देईन. मग म्हणाला, "फळी बसवायला येऊ का?"

तुमच्या मनातल्या माणसाला तुम्हाला जे खरंच सांगायचं आहे, ते आता एका वाक्यात जुळवा. त्यात रक्कम असेल तर रक्कम असू दे. शेवटी "जाऊ दे" जोडू नका.

गुऱ्हाळ बंद होतं. काहील उपडी पडलेली. ती आम्ही चुलवाणावर चढवली, पाणी उकळलं, गोणपाट त्यात बुचकळून नव्या फळीवर गुंडाळत राहिलो. सागाचं लाकूड तापलं की थोडं नमतं. सुतार मधे होता, मी एका टोकाला, पोरगा दुसऱ्या टोकाला. सुतार म्हणायचा, "दाबा... हळू... धरा." वाफेत आम्ही दोघं एकमेकांना नीट दिसत नव्हतो. त्याचा अंगठा अजून फडक्यात होता, म्हणून तो चार बोटांनी धरत होता. फळी बसली, खिळे मारले, सांध्यात डांबरात भिजवलेलं सूत ठोकून ठोकून भरलं. जुन्या फळीचा तुकडा सुतारानं बाजूला टाकला. त्यावर निळा रंग तसाच होता. पोरगा तो नखानं खरवडू लागला. मी म्हटलं, राहू दे.

श्वास. पाण्याचा आवाज ऐका.

नाव पाण्यात सोडली की पहिल्या रात्री ती गळते. दुरुस्ती कितीही नीट झालेली असो. कोरड्या लाकडाला पाणी पिऊन फुगावं लागतं, तेव्हा कुठं सांधे आपसूक मिटतात. दोन दिवस लागतात, कधी चार. तोवर कुणी तरी जवळ बसून पाणी उपसायचं असतं.

आता डोळे उघडले तरी चालतील. किंवा आणखी थोडा वेळ काठावर बसा. अंधार पडलाय, वाळव्याच्या बाजूला दिवे लागलेत. नाव दोन दोरांनी बांधली आहे. तळाला बोटभर पाणी साचलंय. तो पोरगा डबा घेऊन आत उतरलाय आणि मी काठावरून विचारतोय, "अंगठा कसा आहे रे?"

"दुखतो थोडा," तो म्हणतो, आणि डबाभर पाणी नदीत ओततो.