निम्म्यावर मिटविणे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण पोराटोरांसही ठाऊक आहे. परंतु पायरी न चढता जे मिटते, ते न्यायाने मिटते की नुसते दबते, हे कोणी पुसत नाही. आम्हांस तेच पुसावयाचे आहे.

मोखाड्याकडील पोशेरा गाव धरू. समजा, एका शेतकऱ्याने व्यापाऱ्यास वरई उधार घातली आणि पुढे पैशांवरून वाद पडला. चार वडीलधारी बसली नि म्हणाली, "जाऊ दे रे बाबा, निम्मे घे नि मिटव." व्यापाऱ्याचे दुकान उद्याही उघडेल. शेतकऱ्याच्या घरची मात्र पावसाळ्याची बेगमी गेली. रेघ मधोमध ओढली खरी, पण ओझे एकाच्याच डोक्यावर आले.

तुकोबारायांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण सारे जाणतो. तिच्यातली एक गोष्ट आपण घाईने ओलांडतो. परंपरा सांगते की, धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला. बुडविली ती आपल्या वाट्याची. येणे सोडले ते धनकोने, आणि तेही स्वतःचे. सख्ख्या भावाचे येणे सोडण्याचा हक्क त्यांनी घेतला नाही. मग पंचांनी परक्याचे कोणत्या तोंडाने सोडावे?

म्हणून ऊठसूट कोर्टातच जावे, असे आमचे म्हणणे नाही. १९८७ च्या कायद्याने लोकअदालती आल्या. तेथे समेट झाला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, निवाड्यास दिवाणी हुकूमनाम्याचे बळ येते, आणि न पटल्यास "नाही" म्हणता येते. अपील मात्र नाही. तेव्हा अंगठा उठविण्याआधी कागद वाचून घ्यावा. त्याच कायद्याने आदिवासी बांधवास, उत्पन्न कितीही असो, वकिलाची मदत फुकट मिळते. ही गोष्ट जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांत सांगण्याजोगी आहे.

या भागातील कुटुंबे पावसाळा सरला की उचल घेऊन भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. हंगामाअखेर मालक बाकी दाखवतो, आणि कोणी भला माणूस पुन्हा मध्ये पडून म्हणतो, "निम्म्यावर मिटवा." पण उचलीपायी ज्याला भट्टी सोडून जाताच येत नाही, त्याचे ते देणे वेठबिगारीचे. असे देणे १९७६ च्या कायद्याने रद्द झालेले आहे. तेथे निम्मे करावयास काही शिल्लकच नाही.